भारतीय फुटबॉल संघाला धड कोच का सापडत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १४ ऑक्टोबर २०२५ ला तुम्ही चौघं मित्र कोल्हापुरातून गाडी काढून, आंबोली उतरून मडगावला गेलात. फातोर्ड्याला २०२७ च्या आशियाई कपच्या पात्रतेतली भारत-सिंगापूर मॅच बघितली. छांगटेच्या गोलवर घसा बसेपर्यंत ओरडलात आणि १-२ हरल्यावर कुणाशी न बोलता रातोरात परत फिरलात. तुमचं म्हणणं असं: "क्रोएशियाच्या स्टिमॅचला काढलं, स्पेनचा मार्केझ आला, तो वर्षाच्या आत गेला. मग म्हणे १७० अर्ज आले, त्यात पेप ग्वार्डिओला आणि झावी या जगप्रसिद्ध कोचच्या नावाचे खोटे ई-मेल. शेवटी आपलाच खालिद जमील. तरी आशियाई कपमधून आपण बाहेरच. एवढ्या मोठ्या देशाला एक चांगला परदेशी कोच मिळू नये? आणि पुन्हा एवढा खर्च करून मॅचला जावं तरी का?"

मी एकवीस वर्षं कोचिंग करतोय. सुरुवात पेठेतल्या एका तालमीच्या संघापासून झाली, नंतर मुंबईत क्लबसोबत आणि वयोगटांच्या संघांसोबत काम केलं. राष्ट्रीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी कधी गेलेलो नाही, त्यामुळे आत काय घडतं हे सांगणार नाही. पण कोच नेमणाऱ्यांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. तेवढ्यावरून जे कळलं ते लिहितो.

आधी त्या रात्रीची एक गोष्ट, जी बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. समोरच्या बेंचवर सिंगापूरचा कोच कोण होता? गॅव्हिन ली. वय ३५, त्यांच्याच देशाचा, आणि त्या वेळी पदावर फक्त हंगामी. आधीचे जपानी कोच ओगुरा यांनी २०२५ च्या मध्यात पद सोडलं, तेव्हा त्यांच्या हाताखाली सहायक असलेल्या लीकडे संघ दिला गेला. त्याच लीने आपल्याला आपल्या घरी हरवलं आणि १८ नोव्हेंबरला हाँगकाँगला २-१ हरवून सिंगापूरला आशियाई कपमध्ये नेलं. १९८४ ला ते यजमान म्हणून खेळले होते. पात्रता मिळवून जायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्याच रात्री आपण ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरत होतो.

म्हणून "परदेशी की देशी" हा वाद मला मूळ प्रश्नापासून लांब नेणारा वाटतो. तुमचा राग खरा आहे, त्याला जागाही आहे. पण ती जागा "कोण" या शब्दात नाही. आपण दर वेळी माणूस शोधायला निघतो तेव्हा संघाची घसरण आधीच सुरू झालेली असते, पुढची मॅच तोंडावर असते, आणि या माणसाने नेमकं काय करून दाखवायचं हे कुणी कागदावर लिहिलेलं नसतं. असा शोध कितीही प्रामाणिकपणे घेतला तरी फसतो.

मार्केझचं उदाहरण घ्या. माणूस हुशार आहे यात शंकाच नाही. २०२१-२२ ला हैदराबादला आयएसएल, म्हणजे देशातली अव्वल क्लब लीग, जिंकून दिली. मे २०२५ मध्ये एफसी गोवाला सुपर कप मिळवून दिला, तोही फायनलमध्ये ३-० ने, आणि समोर होता खालिद जमीलचा जमशेदपूर. पुढच्याच महिन्यात हा माणूस भारतीय संघ घेऊन हाँगकाँगकडून ०-१ हरला. राष्ट्रीय संघासोबत त्याच्या एकूण मॅच ८, जिंकलेली एक, आणि ती मालदीवविरुद्ध मैत्रीपूर्ण. पाच आठवड्यांत कुणी फुटबॉल विसरत नाही. बदललं होतं ते काम. क्लबमध्ये त्याला दहा महिने रोज सकाळी तीच पोरं मिळत होती. राष्ट्रीय संघात मिळतात ते फिफाने ठरवलेले नऊ दिवस, सोमवार ते पुढचा मंगळवार. २०२५ पर्यंत अशा खिडक्या वर्षाला पाच होत्या, २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरची मिळून एकच मोठी केली आहे. त्या नऊ दिवसांतून प्रवास वजा करा, शनिवारी क्लबची मॅच खेळून आलेल्यांची विश्रांती वजा करा, मॅचच्या आदला दिवस वजा करा. पहिल्या मॅचआधी खरा सराव तीनदा झाला तरी नशीब.

हे मला अंगावर शेकल्यावर कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी वयोगटाचा एक संघ स्पर्धेच्या बारा दिवस आधी माझ्या हातात आला. क्लबमध्ये मी मागून पास करत खेळ रचायला शिकवायचो, तेच इथे सुरू केलं. पोरं वेगवेगळ्या जिल्ह्यांतली. एकाला त्याच्या कोचने बॉल आला की लांब मार असं शिकवलेलं, दुसऱ्याला गोलीकडे परत दे असं. बारा दिवसांत मी त्यांची जुनी सवय मोडली आणि नवी लागली नाही. पहिल्याच मॅचमध्ये आमच्याच पायातून बॉल जाऊन दोन गोल बसले. पुढच्या वर्षी मी दोनच गोष्टी पक्क्या केल्या: बॉल गेल्यावर कुणी कुठे उभं राहायचं, आणि कॉर्नर व फ्री किक कशा घ्यायच्या. बाकी पोरांना जे येतं ते खेळू दिलं. सेमीफायनलपर्यंत गेलो. राष्ट्रीय संघाचं काम याच जातीचं आहे. थोडक्या दिवसांत थोडकं आणि पक्कं शिकवणारा माणूस लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मग खालिद जमील याच बाबतीत तर मुरलेला. बरोबर. मुंबई एफसीसारखा कमी पैशांचा संघ त्याने वर्षानुवर्षं सांभाळला. २०१६-१७ ला मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, जे त्याआधी कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. २०२०-२१ ला नॉर्थईस्टला प्लेऑफमध्ये नेलं, आयएसएलमध्ये असं करणारा तो पहिला भारतीय कोच. त्याला निवडणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. २०११-१२ ला गोव्याचे साव्हिओ मेदेरा होते, त्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणसाच्या हातात हा संघ आला, त्याचा मला आनंदच झाला. माझी तक्रार आहे ती ज्या घाईत त्याला तिथे बसवलं त्याबद्दल.

तारखा बघा. २ जुलै २०२५ ला मार्केझ गेला. १ ऑगस्टला खालिदचं नाव जाहीर. म्हणजे जाहिरात, १७० अर्ज, छाननी, तिघांची यादी (खालिद, भारताचे माजी कोच कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे टार्कोविच) आणि निवड, सगळं तीस दिवसांत. २९ ऑगस्टला ताजिकिस्तानमध्ये काफा नेशन्स कप या स्पर्धेतली पहिली मॅच. ती फिफाच्या खिडकीबाहेर पडत असल्याने मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत, आणि नियमाने त्यांना तो हक्क होता. त्यातच आयएसएल चालवणाऱ्या कंपनीसोबतचा भारतीय फुटबॉल फेडरेशनचा करार डिसेंबरमध्ये संपणार म्हणून जुलैतच लीग स्थगित झालेली. खेळाडूंना क्लबची मॅचच नाही. अशा अवस्थेत खालिदने ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. पुढच्याच महिन्यात सिंगापूरला जाऊन दहा जणांनिशी १-१ केली. पाच दिवसांनी फातोर्डा. तुम्ही फक्त शेवटचं पान पाहिलंत, म्हणून आधीची पानं सांगितली.

तुम्हाला त्या खोट्या ई-मेलची लाज वाटली असं तुम्ही लिहिलंय. मलाही वाटली, पण कारण वेगळं. खोटा अर्ज कुठल्याही देशात येऊ शकतो. पण नेमणुकीची तयारी आधीपासून झालेली असेल तर समितीच्या हातात स्वतःच हेरलेली पाच-सहा नावं असतात. त्यांच्या मॅच वर्षभर पाहिलेल्या असतात, त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांशी बोलणं झालेलं असतं. अशा वेळी ई-मेलमधून कोण अर्ज करतंय याला फारसा अर्थच उरत नाही. आपण पेटी उघडी ठेवतो आणि जे पडेल त्यातून उचलतो. चांगले कोच सहसा अर्ज करत नाहीत, त्यांना विचारावं लागतं.

एकदा मी अशाच एका निवड समितीवर होतो. वयोगटाच्या एका संघासाठी दोन उमेदवार समोर आले. एक नावाजलेला माजी खेळाडू. दुसरा शाळेतला खेळशिक्षक, त्याने सोबत वही आणली होती. त्या वहीत आमच्याच गेल्या वर्षीच्या मॅचमध्ये खाल्लेले सगळे गोल चितारलेले, प्रत्येकाखाली दोन ओळी: चूक कुठून सुरू झाली, सरावात काय करायला हवं. आम्ही दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले. माजी खेळाडूला त्याच्या आठवणी, शिक्षकाला त्याच्या लायसन्सची लेव्हल. निवडला माजी खेळाडू. स्पर्धेत तीन मॅच खेळलो, तिन्ही हरलो, आणि गोल पुन्हा त्याच पद्धतीने बसले जे त्या वहीत होते. त्या बैठकीत मीही हात वर केला होता, आणि ते मला आजही बोचतं. तेव्हापासून कुठल्याही समितीवर बसलो की आधी विचारतो: आपण कुठल्या कामासाठी माणूस घेतोय, ते चार ओळींत लिहिलंय का? लिहिलं असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न विचारता येतात. नसेल तर ज्याचं बोलणं रंगतं तो जिंकतो.

पैशाबद्दल तुम्ही विचारलंय. पैसा अर्थातच आडवा येतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. स्टिमॅचचंच बघा. २०२३ साल आपलं सोन्याचं होतं: भुवनेश्वरला लेबनॉनला हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप, बेंगळुरूला कुवेतला हरवून सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा, जुलैमध्ये फिफा रँकिंग ९९. त्या भरात ऑक्टोबरमध्ये त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला. पण जिंकलो त्या स्पर्धा बहुतेक घरच्या होत्या. जानेवारी २०२४ ला कतारमध्ये आशियाई कप झाला, तीन मॅच, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो. जूनमध्ये वर्ल्ड कपच्या पात्रतेतून बाहेर पडलो आणि १७ जूनला त्याला काढलं. मुदत शिल्लक, म्हणून चार लाख डॉलरची भरपाई. एवढ्या पैशांत आपल्याकडे किती तरुण कोच घडले असते याचा हिशोब मी मनात बऱ्याचदा मांडतो. मुदत वाढवायचीच होती तर आशियाई कप होईपर्यंत तीन महिने थांबायला काय हरकत होती?

आणि त्यानंतर पैसे वाचवायला निघालो तो मार्ग म्हणजे एकच माणूस, मार्केझ, क्लबचाही आणि देशाचाही. भारताचे जुने कोच एस. ए. रहीम साहेब यांनी हे केलं होतं, हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ आणि भारतीय संघ दोन्ही. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचं सुवर्ण, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर. पण तेव्हा राष्ट्रीय संघाचे कॅम्प लांब चालायचे, आणि त्यांच्या क्लबचे खेळाडूच संघात भरपूर असायचे. आजच्या वेळापत्रकात ते बसत नाही.

आता दुसरी बाजू, कारण यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. शोध लांबला म्हणजे तो वाईटच, असं नसतं. आयर्लंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच स्टीफन केनी यांना निरोप दिला आणि जुलै २०२४ मध्ये हेमिर हॉलग्रिम्सन नेमले. जवळपास आठ महिने! तिथले प्रेक्षक तुमच्यासारखेच वैतागले होते. तोच संघ नोव्हेंबर २०२५ ला बुडापेस्टमध्ये ट्रॉय पॅरटच्या हॅटट्रिकवर हंगेरीला ३-२ हरवून वर्ल्ड कपच्या प्लेऑफमध्ये गेला. आठ महिने चालतात, जर त्या काळात हाताशी भरवशाचा हंगामी माणूस असेल आणि महत्त्वाच्या मॅच नसतील. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये यातलं काही नव्हतं. तेव्हा त्या वेळी फेडरेशनने घाई का केली, असं मी विचारणार नाही. घाई करावी लागेल इथपर्यंत वेळ का आणली, हे विचारेन.

हॉलग्रिम्सन यांचीच गोष्ट पुढे न्या. आइसलँडमध्ये ते आधी लार्स लागरबॅक यांचे सहायक होते, मग दोघे जोडीने कोच, मग एकटे, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला त्यांनीच संघ नेला. उझबेकिस्तानचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये कोच काटानेच यांना तब्येतीमुळे बाजूला व्हावं लागलं, वर्ल्ड कप पात्रता अर्ध्यावर. तिथल्या फेडरेशनने पॅरिस ऑलिंपिकला संघ नेलेल्या तिमूर कापाद्झेला वर आणलं आणि जूनमध्ये इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला. सिंगापूरचं तर वर सांगितलंच. या तिन्ही ठिकाणी पुढचा माणूस आधीच घरात वावरत होता. खेळाडू त्याला ओळखत होते, तो खेळाडूंना. नऊ दिवसांच्या कामात ही ओळख म्हणजे अर्धी लढाई.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत का? आहेत. गोव्याचे महेश गवळी स्टिमॅचचे सहायक होते. २०२३ च्या सॅफ फायनलला स्टिमॅच निलंबित होता, तेव्हा बेंच त्यांनीच सांभाळलं. मार्केझसोबतही तेच होते. मुंबईचे नौशाद मूसा २३ वर्षांखालच्या संघाचे कोच. सप्टेंबर २०२५ मध्ये दोह्यात त्यांच्या पोरांनी बहरीनला २-० हरवलं, कतारशी १-२ पर्यंत झुंजले आणि त्या वयोगटाच्या आशियाई कपची पात्रता थोडक्यात हुकली. यांच्यापैकी कुणाला आज कोच करा असं मी म्हणत नाहीये. या माणसांना फेडरेशनने कधी सांगितलंय का, की तुम्ही या पायरीवर आहात, दोन वर्षांनी पुढच्या पायरीसाठी तुमच्याकडून हे अपेक्षित आहे? तसं काही माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. आणि वरच्या पायऱ्या रिकाम्याच राहतात, कारण २०२४-२५ चा हंगाम संपताना आयएसएलमध्ये पूर्णवेळ मुख्य कोच असलेला भारतीय एकटा खालिद होता. त्यालाच उचलल्यावर मागे कोण उरलं?

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, जी कुठल्याही कोचच्या हातात नाही. गोल कोण मारणार? आपल्या क्लबमध्ये नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, बहुतेक परदेशी खेळाडू उभा असतो. मी त्या क्लबांना दोष देत नाही, मालकाला निकाल हवा असतो. पण मग भारतीय स्ट्रायकर वर्षभर विंगवर खेळतो किंवा बेंचवर बसतो, आणि राष्ट्रीय संघात आल्यावर त्याने सेंटर फॉरवर्डसारखं डीमध्ये पाठ गोलकडे करून बॉल धरावा अशी आपली अपेक्षा. शेवटी ऑक्टोबरमध्ये ४१ वर्षांच्या छेत्रीलाच उभं करावं लागलं. नोव्हेंबरमध्ये आपण रँकिंगमध्ये १४२ वर गेलो त्यात कोचचा वाटा किती आणि या रिकाम्या जागेचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण पेप स्वतः आला असता तरी ही जागा रिकामीच राहिली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगतो. मार्केझ वाईट कोच नव्हता, कामाची रचना वाईट होती. खालिदची निवड वाईट नव्हती, वेळ वाईट होती. आणि परदेशी माणूस चालेल, देशीही चालेल, पण त्याच्या मागे दुसरा तयार होत असला पाहिजे.

माझ्या हातात असतं तर सध्या मी खालिदला हलवलं नसतं. दोन वर्षांचा करार दिलाय, तो पाळावा. आशियाई कपमध्ये आपण नाही, म्हणजे या २४ संघांच्या नव्या रचनेत आपण पहिल्यांदाच बाहेर राहिलो. दुःख आहेच, पण त्यामुळे मोकळा वेळही मिळालाय. त्यात त्याला २३ वर्षांखालच्या संघातली पोरं घेऊन खिडकीतली प्रत्येक मॅच परदेशात खेळू द्यावी. लीगच्या वेळापत्रकावर सही होतानाच खेळाडू कधी सोडायचे ते क्लबांसोबत लिहून घ्यावं, म्हणजे ऐनवेळी भांडण नको. आणि त्याच्या हाताखाली दोन सहायक असे ठेवावेत, ज्यांच्यापैकी एकाकडे उद्या संघ देता येईल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुन्हा मॅचला जावं का. जा. पण या वेळी मुख्य स्टँडमध्ये भारताच्या बेंचच्या जवळची जागा घ्या आणि पहिली वीस मिनिटं बॉल बघू नका. आपला बॉल गेला की दोन्ही मिडफिल्डर कुठे धावतात ते बघा, एकाच जागेकडे की वेगवेगळ्या. कॉर्नरच्या वेळी सहायक कोच उठून कुणाशी बोलतो आणि खेळाडू त्याच्याकडे बघतात का, ते बघा. परतीच्या वाटेवर आंबोलीला चहाला थांबाल तेव्हा जे दिसलं ते लिहून मला पाठवा. स्कोअर मला तोपर्यंत कळलेला असेल, हे मात्र टीव्हीवर दिसत नाही.